भादव्याचं ऊन

घट बसायच्या आधी कोडोलीत घरोघर दसरा काढतात. गणपती पोचवले, म्हाळाचा पंधरवडा लागला, की घरातली एकूण एक वस्तू जागची हलते. फळीवरचे डबे खाली येतात, तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं उजळतात, कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं निघतात आणि वाकळा, चादरी, पडदे, बसकरं, पोती, अगदी देवघरातल्या आसनापर्यंत सगळं धुण्याला पडतं. घटाच्या दिवशी घरात न धुतलेला कपडा राहता कामा नये, असा दंडकच आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कुठल्याही गावाबाहेरून या दिवसांत जाऊन बघावं. विहिरीच्या काठावर, कालव्याच्या बांधावर, उसाच्या कडेच्या गवतावर वाकळा वाळत पडलेल्या दिसतात. लाल, हिरव्या, जांभळ्या, ठिगळाठिगळाच्या.

या कामासाठी दोन गोष्टी एकाच दिवशी जुळून याव्या लागतात. कडकडीत ऊन आणि सुट्टी. मी शाळेत शिकवते, तेव्हा माझी सुट्टी रविवारची ठरलेली. ऊन मात्र कुणाच्या वेळापत्रकात बसत नाही. उत्तरा नक्षत्र अर्ध्यावर आलं तरी आमच्याकडचा पाऊस पाय काढत नाही, आणि हस्त लागला की दुपारपर्यंत लख्ख, चारनंतर गडगडाट. म्हणून म्हाळातल्या एखाद्या रविवारी पहाटे अंगण झाडताना जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसला, की घरात धांदल उडते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंड धुवायच्या आधी बाहेर येऊन आभाळ बघतात. चारी बाजू बघून झाल्या की सांगतात, “काढा वाकळा. आज पाऊस येत न्हाई.”

भादव्यातलं ऊन वैशाखातल्या उन्हासारखं नसतं. तीन-साडेतीन महिन्यांच्या पावसानं हवेतली धूळ खाली बसवलेली असते, त्यामुळं ते मधे कुठं न अडखळता थेट अंगावर येतं आणि चटका देतं. शेतातली माणसं या उन्हाला वैतागतात. घरातली बाई मात्र त्याची वाट बघत असते, कारण चार महिन्यांचा ओलावा या घरात तिनं एकटीनं सोसलेला असतो. कपाटातला कुबट वास, डाळीच्या डब्यात दिसलेला पहिला सोंडा, उशांना धरलेली ओल, भिंतीलगतच्या गादीच्या मागच्या बाजूचे काळे ठिपके. यातलं काहीही पावडर-फवाऱ्यानं पुरतं जात नाही. ऊन मिळालं की जातं.

पूर्वी हे धुणं वारणेला जायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाकळांचा ढीग, त्यावर पोरंटोरं, भाकरी-चटणीचं गठुळं आणि साबणाच्या वड्या. दोन-तीन घरं मिळून एक ट्रॉली. बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून वाकळा हाबलायच्या, गडी पिळायला हात लावायचे, दुपारी काठावरच जेवण व्हायचं. आत्ती हे सगळं इतक्या हौसेनं सांगतात की ऐकणाऱ्याला कष्टाचा भाग लक्षातच येत नाही. आता आम्ही नदीला जात नाही आणि त्याचं मला वाईटही वाटतं, बरंही वाटतं. वाईट अशासाठी, की वर्षातून एकदा बायकांना मोकळ्या आभाळाखाली अख्खा दिवस एकमेकींच्या सोबतीनं मिळायचा, तो गेला. बरं अशासाठी, की तेव्हा वाकळा जेमतेम साबण लावून पाण्यात आपटून धुवायच्या आणि आता पिशव्याच्या पिशव्या पावडर लागते. नदीकाठच्या साऱ्या गावांनी एकाच पंधरवड्यात ती पावडर नदीत सोडायची आणि खालच्या गावांनी तेच पाणी उचलायचं, हे मला पटत नाही. चांदोलीच्या धरणातून आलेली ही नदी सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत जाते. मधली किती गावं तिच्यावर जगतात, ते आमच्या शाळेतल्या पोरांना नकाशावर बोट ठेवून मोजायला लावते मी.

म्हणून आमचं धुणं आता मागच्या परसातल्या दगडावर होतं. पहिलं साबणाचं पाणी शोषखड्ड्यात. दुसरं खळबळलेलं पाणी केळीला आणि अळवाच्या कडेच्या कर्दळीला. तिसरं, जवळजवळ नितळ निघालेलं, पायऱ्या आणि अंगण धुवायला. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण चुकला तर आत्ती आतून ओरडतात. त्यांना पाणी वाया गेल्याचा आवाज ऐकू येतो, असं माझी लेक म्हणते आणि ते खरं आहे.

मी विज्ञान शिकवते, म्हणून एकदा नववीच्या वर्गात वाकळेचा हिशेब फळ्यावर मांडला होता. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साध्या हवेच्या तापमानाला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे कपड्यातलं एक लिटर पाणी वाळवायला पाऊण युनिटाहून थोडी कमी ऊर्जा खर्ची पडते, मग ती सूर्यानं द्यावी नाहीतर मीटरनं. सुती वाकळ दोघांनी दोन टोकांना धरून कितीही पिळली तरी तीन-चार लिटर पाणी तिच्यात राहतंच. एका वाकळेला दोन-अडीच युनिटं धरली, तर दहा वाकळांना वीस-पंचवीस. साध्या घराची ही चार-पाच दिवसांची वीज झाली. आपण सकाळी नवाला वाकळ पसरतो आणि दुपारी चारला घडी घालतो, त्या अवधीत हे सगळं काम झालेलं असतं आणि त्याचं बिल कुठूनही येत नाही. पोरं त्या दिवशी घरी जाऊन आयांना हे सांगत सुटली. त्यांतल्या एकीनं मला बाजारात गाठून विचारलं, “बाई, मग आमी एवढी वीज रोज वाचवतोय व्हय?” तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून मला वाटलं, हा धडा पुस्तकात असायला हवा.

उन्हाचा नकाशा आत्तींच्या डोक्यात असतो. सकाळचं ऊन आधी सोप्यासमोरच्या अंगणात उतरतं, दहाच्या सुमाराला स्लॅब तापतो, दोननंतर गोठ्याच्या पत्र्याची सावली अर्धं अंगण घेते. त्याप्रमाणं त्या वस्तू हलवत राहतात. धुतलेल्या वाकळा सर्वांत आधी, कारण त्यांना पूर्ण दिवस लागतो. गाद्या-उशा न धुता नुसत्या तापवायच्या, त्या कठड्यावर. मसाल्याचे डबे धुऊन उपडे. फरशी हाताला चटके द्यायला लागली की मग कडधान्य.

कडधान्याचं काम मला या दिवसातलं सगळ्यांत मनाजोगं वाटतं. तूर, मसूर, मूग, हरभरा, चवळी ज्याची त्याची वेगळी पसरायची. पूर्वी ती जुन्या लुगड्यावर पसरायची. मी काळा प्लॅस्टिकचा कागद आणला आणि वरून पारदर्शक कागद घालून कडा दगडांनी दाबल्या. धान्याचं तापमान पंचावन्न अंशांच्या वर जाऊन तासभर तिथं राहिलं, तर दाण्यावर चिकटलेली भुंग्याची अंडी आणि दाण्याच्या आत बसलेल्या अळ्या मरतात. वरून दिसणारा किडा उन्हानं पळून जातो, पण दाण्यात घर केलेला पळू शकत नाही, त्याला अशी ऊब लागते. आत्तींनी आधी नाक मुरडलं. मग कागदाखाली हात घातला, लगेच काढला आणि म्हणाल्या, “हात ठरंना की गं.” त्यानंतर कागदाचा विषय मिटला. पुढच्या पायरीला मात्र त्यांचंच चालतं. तापलेलं धान्य लगेच डब्यात भरायचं नाही. सावलीला पसरायचं, पार गार होऊ द्यायचं, दाण्याला दात लावून कट्ट आवाज येतो का बघायचं आणि मगच भरायचं. “ऊन ऊन भरलंस तर डब्याला घाम फुटतोय.” घाम फुटला की बुरशी आली. तुरीला एरंडेलाचा हात फिरवतात, हरभऱ्यात कडुनिंबाचा वाळका पाला. पेरायचं थोडं बी वेगळं काढून सावलीत वाळवून राखेत पुरतात. ही राख चुलीची. गॅस आला तरी परसातली चूल आम्ही मोडली नाही, कारण अंघोळीचं पाणी तिच्यावर तापतं आणि राख मिळते.

वाकळ हे आमच्या भागातल्या काटकसरीचं सगळ्यांत नीट टिकलेलं काम. आत्तींनी शिवलेली एक वाकळ आमच्याकडं आहे, तिचा काठ एकदा उसवला तेव्हा मी आत डोकावून बघितलं. वरचा थर गर्भरेशमी काठाच्या साडीचा. त्याखाली सासऱ्यांची दोन धोतरं. त्याखाली आणखी एक वाकळ, पुरती झिजलेली, जिचा टाका आत्तींचा नव्हता. तो त्यांच्या सासूबाईंचा. त्या वाकळेच्या एका फाटक्या कोपऱ्यातून अजून जुनं काहीतरी खादीसारखं जाडंभरडं कापड दिसत होतं. माझ्या नवऱ्याच्या आजीला मी पाहिलेलं नाही, पण तिच्या टाक्याची लांबी मला माहीत आहे. आत्तींच्या टाक्यापेक्षा ती थोडी मोठी आहे आणि कोपऱ्यावर वळताना तिचा दोरा जरा सैल पडतो.

वाकळ शिवायला सपाट जागा लागते. जमिनीवर लुगडी पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवतात, सुरकुती हातानं काढून टाकतात आणि कडेनं दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालत निघतात. कड पूर्ण झाली की दोन बोटं आत सरकून पुन्हा चौकोन, मग पुन्हा आत, असं करत शेवटी मध्यावर येऊन थांबतात. एकटीनं करायचं तर आठ-पंधरा दिवस लागतात, ते उन्हाळ्यातल्या दुपारी. आत्तींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला सुईनं पडलेला घट्टा आहे. तो आता जाणार नाही.

अडचण अशी झाली आहे, की वाकळेला लागणाऱ्या साड्याच राहिल्या नाहीत. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून आमच्या या पट्ट्याला सुती कापडाची कधी वाण पडली नव्हती. लुगडं अंगावर विरायचं, मग त्याची वाकळ व्हायची, मग लंगोट, मग दिव्याची वात आणि मग पायपुसणं. आता माझ्या कपाटात आहेत त्यांतल्या निम्म्याहून अधिक साड्या कृत्रिम धाग्याच्या. त्या विरत नाहीत, फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि त्यांची वाकळ निसरडी होते, रात्री अंगावरून घसरते. झटकन वाळते एवढाच तिचा गुण. नव्या साडीत सूत असेल तरच घ्यायची, असं मी अलीकडं ठरवलं आहे, कारण साडी घेताना तिच्या शेवटच्या उपयोगाचा विचार करायची आत्तींची सवय मला शहाणपणाची वाटते. सणाला लागणारी एखादी पैठणी वेगळी. रोजच्या साडीनं मात्र मरताना कामी यावं.

बाहेरच्या माणसाला एक प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. हा उसाचा पट्टा. कोडोलीच्या कोरे घराण्यातल्या तात्यासाहेबांनी शेजारच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याभोवती वारणानगर वसलं, दूध संघ आला, शाळा-कॉलेजं आली. वाठारवरून वारणानगरला यायला लागलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. असल्या सुपीक, पैसा असलेल्या गावात बायका फाटक्या साड्यांच्या वाकळा का शिवतात आणि डाळीला ऊन का दाखवतात?

याचं उत्तर उसातच आहे. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा राहतो. तोड मिळाली, ऊस गेला, की कायद्यानं चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि ते कधी मिळतात, कधी हप्त्यानं मिळतात. तोवर सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, तोडणीचा खर्च वाट बघत असतात. म्हणजे हातात मोठा पैसा येतो पण क्वचित येतो आणि येतो तो आधीच वाटला गेलेला असतो. उसाच्या बिलावर घर बांधलं जातं, विहीर पडते, लेकीचं लग्न होतं. रोजची चूल पेटते ती दुधाच्या बिलावर. दर दहा दिवसांनी येणारं ते बिल बहुतेक घरांत बाईच्या हातात जातं, कारण म्हशीचं शेणघाण, वैरण, धार तीच करते. दहा दिवसांच्या त्या पैशांत घर बसवायचं तर ज्या हंगामात जे स्वस्त, ते घेऊन, वाळवून, टिकवून ठेवावंच लागतं. सालाची बेगमी ही चैन कधीच नव्हती. मिरची स्वस्त असते तेव्हा चटणी कुटायची, कांदा-लसूण निघतो तेव्हा तो वाळवायचा, ज्वारी खळ्यावरून येते तेव्हा भरायची. एप्रिल-मेमध्ये कोडोलीत चटणीच्या डंकावर रांग लागते, त्या रांगेत उभ्या असलेल्या बाया वर्षभराचा खर्च पाठीवर टाकत असतात. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलेली, वर हिंगाचे खडे ठेवून दादरा बांधलेली कांदा-लसूण चटणी घरात असली, की भाजी नसली तरी भाकरी अडत नाही.

वारणानगरला बायकांच्या बचतीची ही सवय संस्थेतही उतरली. वारणा बझार हे सहकारी ग्राहक भांडार इथं चांगलं चाललं, कारण किलोमागं किती पैसे वाचतात हे विचारणाऱ्या गिऱ्हाईक बायका आधीपासून होत्याच. लिज्जतचं पापडाचं कामही इथं आलं. लिज्जतची सुरुवात मला या सगळ्याशी फार जवळची वाटते. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल काय होतं? हात आणि गच्चीवरचं ऊन. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पावसात काम चालू. खरेदीत आधी काय घ्यावं हे ज्यांना इतकं अचूक कळलं, त्यांचा धंदा पुढं देशभर पसरला यात मला नवल वाटत नाही. ऊन फुकट मिळतंय तोवर त्यांनी स्टोव्ह घेतला नाही आणि ऊन संपल्यावर घ्यायला मागंपुढं बघितलं नाही.

काटकसर आणि चिक्कूपणा यांतलं अंतर आमच्याकडं पाहुणा दारात आला की दिसतं. दहा रुपये वाचवायला डाळीला दिवसभर राखण करणारी बाई पाहुण्याला तांबडा-पांढरा केल्याशिवाय सोडत नाही. कोल्हापुरात शेणीचं उदाहरण आहे. थापलेल्या शेणी उन्हात वाळवून वर्षभर रचून ठेवतात, घरच्या चुलीला, अंघोळीच्या पाण्याला. होळीला त्या जाळायच्या. तर होळी लहान करा आणि शेणी स्मशानाला द्या, असं आवाहन कोल्हापुरात होळीच्या वेळी करतात आणि तालमी, मंडळं, शाळा ट्रॉल्या भरून शेणी पंचगंगेच्या स्मशानात पोचवतात. तिथं गरीब असो श्रीमंत असो, अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत. वाचवलेली वस्तू शेवटी कुणाच्या उपयोगी पडली, यावर मी काटकसरीची किंमत करते. आणि या हिशेबात मला शहरात आलेली नवी दुकानं बसत नाहीत, जिथं पर्यावरणाच्या नावानं बांबूचे चमचे आणि तागाच्या पिशव्या महाग दरानं विकतात. घरात चांगले चमचे असताना बांबूचे घेणं ही खरेदीच झाली. ज्याला खरोखर कमी वापरायचं आहे, त्यानं आधी आईच्या, आजीच्या घरातली फळी बघावी.

एवढं सगळं कौतुक करताना एक गोष्ट मला सोडता येत नाही. ऊन फुकट असतं, त्याला पकडायला लागणारे हात फुकट नसतात. माझ्या त्या फळ्यावरच्या हिशेबात वीज होती, बाईचा दिवस नव्हता. दसरा काढायच्या दिवसाला सगळे सुट्टीचा दिवस म्हणतात, आणि घरातल्या बाईचं काम त्या दिवशी एरवीच्या दुप्पट असतं. ओली वाकळ उचलून बघावी, मग कळतं. माहेरी माझ्या आईला पाठीचं दुखणं जडलं ते वर्षानुवर्षांच्या या धुण्यानंच, असं मला वाटतं. तेव्हा काटकसरीची गोडी गाणाऱ्यांनी आधी पिळा धरायला पुढं यावं. आमच्याकडं धुलाई यंत्र आहे. रोजचे कपडे त्यात जातात आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणाला खंत नाही. ते आलं तेव्हा आत्ती त्याच्यासमोर पाट घेऊन बसल्या, काचेतून गरगरणारे कपडे बघितले आणि म्हणाल्या, “आमच्या वक्ताला असतं तर हाडं ऱ्हायली असती.” त्यांच्या या एका वाक्यापुढं हातानं कपडे धुण्याची थोरवी मला कुणी सांगू नये. यंत्राला वाळवायचं काम मात्र आम्ही देत नाही. तिथं ऊन आहे.

वाकळा यंत्रात मावत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी घरातली सगळी माणसं लागतात. आता दसरा काढायच्या दिवशी माझे हे शेताकडं जात नाहीत. वाकळ एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला आमचा पोरगा धरतो. एकानं उजवीकडं पिळायचं, दुसऱ्यानं डावीकडं, आणि पाणी धारेनं पडायचं थांबलं की आणखी एक पीळ. पहिल्या वर्षी पोरगा कंटाळला, दुसऱ्या वर्षी त्याला त्यातली युक्ती कळली. वाकळ पिळायच्या आधी लांबीत तिची चौपदरी घडी घातली की पीळ सारखा बसतो. ती त्याची त्यानं शोधली. लेक कडधान्याची राखण करते. चिमण्यांना हाकलत नाही. एका कोपऱ्याला मूठभर तांदळाची कणी टाकते, म्हणजे त्या डाळीकडं येत नाहीत. आत्ती सावलीला खाटेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवतात. “मी हितनं बघतो, तुमी करा,” म्हणतात. कोल्हापूरच्या बाईच्या तोंडात हा ‘बघतो’ ऐकला की मला कायम धीर येतो.

यंदा आमच्या स्लॅबवर एक नवा प्रश्न आला. शेजारच्या दोन घरांनी छतावर सौर पॅनल बसवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली, तिच्यात तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. आमच्या यांनीही पॅनल बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं टेप लावली आणि सांगितलं, तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागेल. चांगल्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिटं मिळतील. मी मनातल्या मनात वाकळांचा हिशेब काढला. दसऱ्याच्या एका दिवसात आमच्या वाकळांनी ज्या स्लॅबवरून वीस-पंचवीस युनिटांचं ऊन घेतलं, तिथं ही पॅनल तेवढी वीज द्यायला दोन दिवस घेणार होती. पण पॅनल रोज काम करणार आणि वाकळा वर्षातून एकदा. पॅनल हवीच होती. मला, यांना, पोरालाही. पंप, मिक्सर, यंत्र, पोरांचा अभ्यास, सगळं त्यावर चालणार.

“आणि वाळवण कुठं घालायचं?” आत्तींनी खालूनच विचारलं.

बसवणाऱ्याला हा प्रश्न नवा होता. त्याच्या कागदावर स्लॅबचा मधला भाग होता, कारण तिथं जिन्याच्या खोलीची सावली येत नाही. मग मी खडू घेतला. आपल्या अक्षांशाला वर्षातले बहुतेक महिने दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. पॅनल उत्तरेच्या कठड्याला लावून घेतली, तर त्यांची सावली स्लॅबच्या बाहेर पडेल आणि दक्षिणेचा सगळा पट्टा वाकळांना, गाद्यांना, डाळीला मोकळा राहील. बसवणाऱ्यानं डोकं खाजवलं, वायर थोडी जास्त लागेल म्हणाला, पण होईल म्हणाला. मेमध्ये काय, असा प्रश्न पोरानं काढला. मेच्या सुरुवातीला कोल्हापूरवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा पॅनलची सावली पॅनलखालीच राहील. पापड-सांडग्यांना तेच दिवस लागतात, म्हणजे तिथंही अडचण नाही. पोरानं खडूनं लांबलचक रेघ मारली, रेघेच्या अलीकडं ‘वीज’ लिहिलं, पलीकडं ‘आजी’.

आत्ती जिना चढून हळूहळू वर आल्या. रेघेपासून दक्षिणेच्या कठड्यापर्यंत पावलं टाकून बघितली, परत आल्या, पुन्हा टाकून बघितली.

“रेघ हातभर विजेकडं सरकीव,” त्या पोराला म्हणाल्या. “कुरडयांची चादर मावायची न्हाई.”